धारेला दिलेलं पातं

नाही नाही, कापता येतं. येत नाही असं मी कुठं म्हटलं? मी म्हटलं, लाईट नाही. ही दोन वेगळी वाक्यं आहेत साहेब. लाईट साडेदहाला गेली, साडेबाराला येते म्हणतात, म्हणजे येईल तेव्हा येईल – तुम्ही बसा. तो स्टूल नको, त्याचा पाय हलतो, सुताराच्या घरात सगळ्या वस्तूंचे पाय हलतात – हा बाक घ्या, भुसा झटका आणि बसा. पत्रा राहू द्या तिथं भिंतीला टेकून. कागद काढू नका त्याचा, ओरखडे येतील, लाईट आली की काढू. हां, तर तुम्ही काय म्हणालात – लाकडाच्या पात्यानंही कापता येतं. बरोबर आहे. लाकूड कापायच्या पात्यानं अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा – कोणी सांगितलं? मोबाईलवर पाहिलं असेल. आजकाल सगळे मोबाईलवर पाहून येतात, परवा एक मॅडम मला रंधा कसा धरायचा ते दाखवून गेल्या. चाळीस वर्षं मी तो उलटा धरत होतो बहुतेक. – दुकानवाल्यानं? दुकानवाल्यानं सांगितलं? बरं. त्याचं काय जातं सांगायला. त्याला पत्रा विकायचा.

सांगतो ना, लाईट येईस्तोवर दुसरं काय करणार आहोत. ऐका. अ‍ॅल्युमिनियम नरम असतं, आणि तिथंच माणूस फसतो. लोखंडाला लाकडाचं पातं लावा – ते सरळ नाही म्हणतं, ठिणग्या उडतात, किंचाळतं, तुम्ही घाबरून मागं होता. अ‍ॅल्युमिनियम नाही म्हणत नाही. आत येऊ देतं. आणि आत गेलं की धरून ठेवतं – दात्यांमध्ये वितळून बसतं, गुळासारखं चिकटतं, मग पातं कापत नाही, नुसतं घासतं आणि तापतं. म्हणून पात्याला मेणबत्ती चोळायची. साधी, देवघरातली चालते. पातं बारीक दात्यांचं पाहिजे, साठ तरी दाते, आणि प्रत्येक दाताची टीप शाबूत पाहिजे. टीप म्हणजे दाताच्या टोकाला तो कडक तुकडा बसवलेला असतो ना, तो. एक जरी उडालेली असली तरी तिथं खड्डा पडतो, आणि पातळ पत्रा त्या खड्ड्यात अडकतो. अडकला की पातं थोडंच थांबतं? मशीन थोडंच थांबतं? पत्रा उठतो. हातासकट उठतो. म्हणून पत्रा मोकळा कापायचाच नाही – खाली प्लाय, वर प्लाय, मध्ये पत्रा, घट्ट आवळायचा, आणि तिन्ही एकदम कापायचे. ढकलायला काठी घ्यायची, हात लांब. डोळ्याला चष्मा. सावकाश. झालं. एवढंच आहे. आता सांगा, यात अवघड काय? तुम्हाला ऑफिसात बसणाऱ्या माणसालाही जमेल, रागावू नका, आपलं म्हटलं. मला सगळं ठाऊक आहे बघा. आणि सात वर्षांत मी एक पत्रा कापलेला नाही.

का म्हणजे – असंच. लाकडाचं काम आहे माझं, लाकूड कापतो. तुम्हाला वाटेल, मग मला बसवून कशाला ठेवलं या माणसानं. पाणी घ्या ना. माठातलं आहे, फ्रिजचं नाही, घसा धरणार नाही. – कशाला लागतोय पत्रा? गॅसच्या मागं भिंतीला? हां, तेलाचे डाग. भाड्याचं घर, टाईल लावू देत नाही मालक, हो ना? या मेहरूण भागातले सगळे घरमालक एकाच मातीचे आहेत. आणि रेल्वेत भुसावळला, रोज अप-डाऊन. आणि गाव? नांदेड. अरे वा, लांबून आलात. – थांबा, मग हा पत्रा भुसावळहून आणला की काय? पॅसेंजरमध्ये? उभा धरून? लोकांनी शिव्या नाही दिल्या? … भुसावळहून. बरं. नाही, काही नाही. भुसावळला हार्डवेअरची दुकानं पुष्कळ आहेत. पन्नास तरी असतील. मी आपलं सहज म्हटलं.

ती फळी बघताय का? ती खूण? ती आमच्या घरची खूण आहे. फळीवर रेघ मारली की रेघेच्या एका बाजूचं ठेवायचं असतं आणि दुसऱ्या बाजूचं जाणार असतं, मग जाणाऱ्या बाजूवर खूण करायची, म्हणजे पातं कुठून घालायचं ते चुकत नाही. सगळी दुनिया तिथं फुली मारते. आमचे आबा, म्हणजे वडील – सुपडू मिस्त्री, मूळचे आम्ही धुळ्याकडचे – आबा फुली मारू द्यायचे नाहीत. फुली म्हणजे खोडलं, म्हणायचे, लाकूड खोडायचं नसतं. ते तीन रेघा काढायचे, अशा, कावळ्याचा पाय उमटल्यासारख्या, म्हणजे हा तुकडा कावळ्याला ठेवला. आम्हा दोघांनाही तेच शिकवलं. दोघांना म्हणजे मला आणि भटूला. भटू माझा भाऊ. धाकटा. बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या खान्देशात कावळ्याचा पाय काढणारे दोनच सुतार उरलेत, आणि त्यातला एक आता सुतार राहिलेला नाही.

गिरणीही बंद असेल आता. आमच्या सौ. गिरणीत गेल्यात, लता, बसली असेल तिथं डबा मांडीवर घेऊन. रविवारी आमच्याकडे कानबाई आहे ना. – नांदेडकडे नाही ना, तुम्हाला कसं माहीत असणार. नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, चौरंगावर बसवायची, नथ घालायची, रात्रभर गाणी, सोमवारी वाजतगाजत पाण्यात. आणि तिचा रोट असतो. रोट म्हणजे – घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे. माणूस हजर असो, परगावी असो, गहू निघालाच पाहिजे. ते सगळे एकत्र दळायचे, त्याचेच रोट करायचे, आणि ते फक्त घरच्यांनी खायचे. शेजाऱ्याला नाही, गड्याला नाही, कुत्र्यालासुद्धा नाही. पुनवेच्या आत संपवायचे. आता आमच्या घरात माणसं किती? मी, लता आणि आमचा तेजस, तो पुण्याला कंपनीत आहे. तीन. आणि डब्यात मुठी किती आहेत? सहा. भटूची, त्याची बायको नूतनची आणि त्यांच्या भाविकाची. सात वर्षं झाली त्यांनी रोट वेगळा करून. भावकीत रोट वेगळा झाला म्हणजे सगळं वेगळं झालं साहेब, त्यापुढं कागद-बिगद काही लागत नाही. पण लता मुठी काढते. मी पाहतो. ती तोंडातल्या तोंडात नावं घेते फक्त – भटू, नूतन, भाविका. मग खायचं कोणी? आम्हीच. बाहेर देता येत नाही, टाकता येत नाही. भटूच्या वाट्याचा रोट मी खातो. दर वर्षी. पाण्याबरोबर ढकलतो.

भांडण नाही झालं हो. भांडण झालं असतं तर बरं होतं, भांडण मिटतं. हे दुकान दोघांचं होतं. आबा गेल्यावर आम्ही दोघं इथंच – मी त्या टोकाला, तो या टोकाला, तुम्ही बसलात तिथं. मग त्याच्या डोक्यात अ‍ॅल्युमिनियम शिरलं. खिडक्या, पार्टिशन, सरकती दारं. मला म्हणाला, दादा, सागवान आता कोणाला परवडून राहिलं, चल आपण दोघं करू. मी म्हटलं, आबांच्या दुकानात पत्रा नाही येणार. त्यानं मेहरूणातच पुढं एक गाळा घेतला. आणि चाललं त्याचं. इतकं चाललं की ज्या घरांना आबांनी दारं लावली होती त्या घरांतली माणसं माझ्या दुकानावरून पुढं जायची, त्याच्याकडे. मला हात करून जायची वरून. – नाही, मला वाईट नाही वाटायचं. म्हणजे वाटायचं. आता तुमच्यापासून काय लपवायचं, तुम्ही नांदेडचे. वाटायचं. रोज वाटायचं. सकाळी शटर वर करताना त्याच्या गाळ्यातून मशीनचा आवाज आला की माझा दिवस तिथंच नासायचा. सख्खा भाऊ. लहानपणी त्याला खांद्यावर बसवून मी मेहरूणच्या तलावावर न्यायचो, आणि त्याच्या मशीनचा आवाज मला सहन होत नव्हता.

तर एक दिवस तो आला. असेच पावसाळ्याचे दिवस, कानबाई पंधरा दिवसांवर. त्याचं मशीन बिघडलेलं, आणि कोणाला तरी त्याच दिवशी पत्रा कापून द्यायचा होता, असाच, तुमच्या या पत्र्याएवढाच, पातळ. दारात उभा राहून म्हणाला – आत आला नाही आधी, दारातूनच – दादा, तुझ्या मशीनवर कापता येईल का रे? मी काय म्हणालो? मी म्हणालो, लाकडाच्या पात्यानंही कापता येतं. हेच शब्द. तुम्ही मघाशी म्हणालात ना अगदी तेच. म्हणजे मला दाखवायचं होतं की बघ, तू माझ्याकडे आलास, तुझ्या पत्र्याला माझं लाकडाचं मशीन पुरतं. मग त्यानं विचारलं, ते साठ दात्यांचं नवं पातं आणलंस ना सुरतेहून, ते लाव ना.

आणलं होतं. चार दिवस झाले होते. कोरं. आबांचा नियम होता, नव्या हत्याराचा पहिला काप कानबाईच्या कामाला. काहीही असो, नुसती चौरंगाची पट्टी असो, पण पहिलं ते, मग गिऱ्हाईक. आमच्या चौरंगाचा पाय गेलेला, सागवान आणून ठेवलं होतं, त्याच पात्यानं नवा चौरंग करायचा होता. पातं कुठं होतं? ते बघा, ती फोटोची फ्रेम दिसते का, कानबाईची, तिच्या मागं. तेव्हाही तिथंच होतं. आणि मी भटूला म्हणालो, ते धारेला दिलंय.

धारेला. चार दिवसांचं पातं. हसू नका – नाही हसत तुम्ही, मला वाटलं हसलात. चार दिवसांचं कोरं पातं धारेला कोण देतं साहेब? सुताराच्या पोराला कळत नाही का हे? कळलंच असणार. मला तेव्हा वाटलं, नाही कळलं. सात वर्षं मी हेच धरून बसलोय की त्याला नाही कळलं. तो क्षणभर माझ्याकडं बघत राहिला, आणि म्हणाला, बरं, जे असेल ते लाव. मग मी ते खिळ्याचं पातं लावलं. खिळ्याचं म्हणजे – जुन्या दारांची लाकडं कापताना आत खिळे सापडतात, पातं खराब होतं, म्हणून एक टाकाऊ पातं त्याच्यासाठी ठेवलेलं असतं. चोवीस दाते. तीन टिपा उडालेल्या. मला माहीत होतं तीन उडाल्यात. मीच मोजल्या होत्या. देवीचं निमित्त होतं हो. कानबाई काय म्हणाली असती, माझ्या आधी भटूचा पत्रा कापला म्हणून रुसली असती? तिलाही माहीत आहे, मला द्यायचं नव्हतं. माझं नवं पातं त्याच्या पत्र्याला द्यायचं नव्हतं. एवढंच आहे सगळं. एवढंच.

आबा असते तर म्हणाले असते, पत्रा पत्रा शे, लाकूड लाकूड शे, तुले समजस नही का? समजत होतं. खाली प्लाय घालायला हवा होता, समजत होतं. मेण, काठी, सगळं समजत होतं, आत्ता तुम्हाला पाठ म्हणून दाखवलं ना. पण मी त्या टोकाला जाऊन उभा राहिलो, हाताची घडी घालून, बघू काय करतो पत्रेवाला म्हणून. भटूनं मशीन चालू केलं. वीतभर गेलं आत छान. मग असा एक आवाज झाला, ताट पडल्यासारखा. पत्रा उठला, आणि त्याच्याबरोबर त्याचा उजवा हात पात्यावर गेला.

दोन बोटं गेली. अंगठा आहे, पण मिटत नाही. कारागिराचा अंगठा मिटला नाही म्हणजे काय राहिलं? दवाखान्यात नूतन आली, पदर तोंडात धरलेला, मला विचारते, दादा कसं झालं, तुम्ही होते ना तिथं. आणि मी म्हणालो – भटू तिथं खाटेवर पडलेला, जागा, डोळे उघडे – मी म्हणालो, पातं चांगलंच होतं, त्यानं घाई केली. तोंडातून निघून गेलं. निघून गेलं असं म्हणतो मी, पण तयार होतं ते, रिक्षातच तयार झालं होतं. भटूनं माझ्याकडं बघितलं आणि मान भिंतीकडं फिरवली. पुढच्या रविवारी लता त्यांच्याकडं गहू मागायला गेली, मुठी काढायच्या म्हणून, तर नूतन दारातच म्हणाली, वहिनी, आमना रोट आते येगळा. दिवाळीनंतर गाळा बंद. भुसावळला गेले. कुठल्याशा हार्डवेअरमध्ये बसतो म्हणतात, पत्रे मापून देतो, आखून देतो. कापून देत नाही. जळगावपासून भुसावळ किती लांब आहे? तुम्ही रोज जाता. अर्धा तास. मी सात वर्षांत स्टेशनवर तीनदा गेलो, एकदा तिकीटही काढलं. गाडी आली, गेली. मी बाकावर.

आणि लताला माहीत आहे. भटूच्या हाताचं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं कानबाईचा फोटो पुसायला काढला, आणि मागून पातं निघालं. तिनं फोटो पुसला, पातं होतं तसं मागं ठेवलं, फोटो लावला. झालं. त्यावर आमच्यात अजून एक वाक्य झालेलं नाही. चौरंगही झाला नाही. देवी जुन्याच चौरंगावर बसते, पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून. सुताराच्या घरात. येणाऱ्या बाया बघतात.

– अहो कागद कशाला काढताय, मी म्हटलं ना लाईट आली की – बरं, आखलेलं आहे? दुकानातच आखून दिलंय? ठीक आहे, म्हणजे माझं तेवढं काम वाचलं. बघू. इकडं करा, उजेडात करा जरा, दारात.

…

ही रेघ कोणी मारली?

दुकानातल्या माणसानं, ते कळलं, माणूस कसा होता? थांबा. थांबा जरा. ही खूण बघा. इथं, रेघेच्या या बाजूला. फुली आहे का ही? बोट लावून बघा, तीन रेघा आहेत. त्या फळीवर बघा आणि इथं बघा. फळीवरची सरळ आहे, मी मारलेली. ही वाकडी आहे. ही – डाव्या हातानं मारली ना त्यानं? तुम्ही बघितलं असेल, उजवा हात खिशात होता ना? … टॉवेल गुंडाळलेला. उजव्या हातावर टॉवेल. हां. केस पिकलेत का? पिकलेच असतील. जाड झालाय की – बरं. बरं. शेठ कोण आहेत दुकानाचे? लखीचंद शेठ. चांगले आहेत ना वागायला? त्याला खुर्ची दिलीय बसायला? असू द्या. असू द्या साहेब, मी बसतो जरा. त्या स्टूलावर नको, माहीत आहे मला, हलतो तो.

आता नेमकं सांगा. तुम्ही म्हणालात, दुकानवाल्यानं सांगितलं. यानंच का? काय म्हणाला? त्याचेच शब्द सांगा, तुमचे नको. … इथं कापून मिळत नाही. बरं. जळगावला मेहरूणमध्ये हिलाल मिस्त्री आहे. नाव घेतलं माझं? हिलाल मिस्त्री म्हणाला की हिलालदादा? … मिस्त्री. बरोबर आहे. त्याच्याकडे जा, तो म्हणतो, लाकडाच्या पात्यानंही कापता येतं. – तो म्हणतो, असं म्हणाला? ‘तो म्हणतो’? हसून म्हणाला की साधं? साधंच. मग? आणखी काय? काहीतरी विचारलं असेल हो, आठवा. … विचारा त्याला, नवं पातं आलं का धारेहून.

असं म्हणाला.

तुम्ही मला आल्याआल्या का नाही सांगितलं हे? – हो, तुम्हाला काय माहीत, तुम्हाला वाटलं गंमत असेल. गंमतच आहे. तेव्हाच कळलं होतं त्याला. दारात उभा होता तेव्हाच. कळलं होतं, आणि तरी म्हणाला, जे असेल ते लाव. कळलं होतं, आणि खाटेवर पडून ऐकलं माझं, आणि नूतनला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती वाड्यावस्त्यांवर ओरडत फिरली असती, अख्ख्या समाजात तोंड दाखवायला जागा राहिली नसती मला. नाही सांगितलं त्यानं. सात वर्षं. आणि आता कानबाई चार दिवसांवर आली तेव्हा हे. का? तुम्ही बघितलाय त्याला, तुम्ही सांगा – चिडून म्हणाला असेल की बोलवायला? मला कळत नाही. मला खरंच कळत नाही साहेब. माझा भाऊ आहे आणि मला कळत नाही.

आली. पंखा फिरला बघा. आली लाईट, मशीनवरचा लाल दिवा लागला. बसा, बसा, उठू नका, कापतो. कापतो म्हटलं ना. फोटो काढतो – आई, माफ कर – हे बघा. प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नाही. साठ दाते, साठच्या साठ टिपा, मोजून घ्या. प्लाय आहे, मेणबत्ती ही इथंच आहे, काठी – काठी पण आहे. जुनं पातं उतरवायचं, हे बसवायचं, नट आवळायचा. पाना कुठं गेला, हा काय हातातच आहे. … नट घट्ट बसलाय. नाही, घट्ट नाही, फिरतोय. मीच उलटा फिरवत होतो. थांबा. बटण तुम्ही दाबता का? नको. नको, तुम्ही लांब व्हा. ते हिरवं बटण. भटूनं दाबलं होतं तेच आहे. …

नाही साहेब. नाही होणार.

मशीनचा मेन स्विच बंद करतो. असं करा. तुम्ही उद्या भुसावळला जाणारच ना, रोजचंच आहे तुमचं. हे नवं पातं न्या. पिशवीत घाला, धार लागेल, कागद गुंडाळा त्याला. भटूला द्या. तो विचारेल, पत्रा कापला का? सांगा, नाही कापला. तो बहुतेक विचारणार नाही का म्हणून, पण तुम्ही सांगा – मिस्त्री म्हणाला, त्या दिवशी लावलेल्या पात्यानं कापता येत नव्हतं, मला माहीत होतं. आणि नवं पातं धारेला दिलेलं नव्हतं, दुकानातच होतं. देवीच्या फोटोमागं. बस. रविवारचं काही सांगू नका. गव्हाचं तर मुळीच नको, तुम्हाला हात जोडतो, त्याला वाटेल मी गहू दाखवून बोलवतोय. – हो, मी स्वतः जायला पाहिजे. पाहिजेच. मला सांगू नका ते, मी स्टेशनवर बसून आलोय तीनदा.

लक्षात राहील ना? म्हणून दाखवा एकदा. मोठ्यानं म्हणा, मला कमी ऐकू येतं मशीनमुळं. … हां. मला माहीत होतं. हां. … धारेला दिलेलं नव्हतं. …

पुन्हा नको. ऐकलं मी.

पत्रा ठेवून जा इथं. तुमच्या सौ.ना सांगा, अजून चार दिवस भिंत पुसा. ती रेघ आहे त्यावर, मला बघायची आहे. – आता उभे का आहात? जा ना. गाडी चुकेल – आज सुट्टी आहे तुमची, बरं, तरी जा. लाईट आलीय साहेब, गिरणी सुरू झाली असेल, लता येईल आता दळण घेऊन. पातं तिच्यासमोर नको. जा.